कोड कोणाचा, नाव कोणाचं?

हिंजवडीत वाहनांचं सॉफ्टवेअर लिहिलं जातं, चाकणला वाहनं जुळतात. या पट्ट्यातल्या प्रोग्रामरने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: नोकरीच्या कामात लिहिलेल्या कोडची मालकी, वेगळा करार नसेल तर, कंपनीची असते. कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम १७ तसं सांगतं. त्यामुळे अडलेला प्रश्न ऑनलाइन विचारताना कंपनीची फाइल जशीच्या तशी चिकटवू नये. ग्राहकाचं नाव, पासवर्ड, सर्व्हरचे पत्ते काढून, अडचण दाखवणारा छोटा नमुना नव्याने लिहावा. उत्तरही त्यानेच लवकर मिळतं.

दुसऱ्याचा कोड उचलतानाही अटी आहेत. स्टॅक ओव्हरफ्लोवरची उत्तरं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘श्रेय द्या, त्याच अटींवर वाटा’ या परवान्याखाली असतात. लेखकाचं नाव आणि मूळ दुवा देणं बंधनकारक आहे. एमआयटी परवाना बराच मोकळा, तरी त्याची कॉपीराइट सूचना पुसता येत नाही. या तिघांत सर्वांत कडक जीपीएल परवाना. लिनक्सच्या गाभ्याला त्याची १९९१ची दुसरी आवृत्ती लागू आहे. गाडीच्या स्क्रीनमागे लिनक्स असेल, तर त्या गाभ्यात केलेल्या बदलांसह सोर्स कोड ग्राहकाला उपलब्ध करून द्यावा लागतो. अनेक गाड्यांच्या सेटिंगमध्ये परवान्यांची लांबलचक यादी दिसते ती अशाच अटींमुळे. ती एकदा उघडून जरूर वाचावी.

त्याच कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार हक्क विकल्यानंतरही कर्तृत्व सांगण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. गटप्रमुखाने कनिष्ठाचा कोड स्वतःच्या नावावर टाकणं म्हणूनच गैर आहे. गिटमध्ये सहलेखकाचं नाव जोडायला एक ओळ पुरते.