उपाशी अजगराला भरवण्याआधी

पश्चिम आफ्रिकेतील घाना, टोगो, बेनिन या देशांत आढळणारा आणि भीती वाटली की अंगाचा चेंडू करून डोके आत लपवणारा ‘बॉल पायथन’ हा आखूड अजगर अमेरिका व युरोपात मोठ्या प्रमाणावर पाळला जातो, आणि अन्न नाकारण्याबद्दल तो पाळणाऱ्यांमध्ये प्रसिद्ध आहे. तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला स्वस्थ पडून असताना जी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे दशांश ऊर्जेवर त्याचे भागते. म्हणून विणीच्या काळात धडधाकट अजगर काही महिनेही उपाशी राहिला, तरी ते आजाराचे लक्षण ठरत नाही. वजन सतत घटू लागले, पाठीचा कणा धारेसारखा वर आला आणि कातडीच्या घड्या मोडेनाशा झाल्या, की मात्र पशुवैद्यकाकडे जाणे अपरिहार्य होते, कारण अशा उपासामागे बहुधा जंत, तोंडातील पू, फुप्फुसांचा संसर्ग किंवा निव्वळ थंड पडलेली काचपेटी असते.

अशा सापाला सर्वांत शेवटी द्यायची गोष्ट म्हणजे अन्न, हे मायेने घाई करणाऱ्या माणसाला पटणे अवघड असते. साप शीतरक्ताचा, म्हणजे बाहेरच्या उष्णतेवर शरीराचे तापमान राखणारा प्राणी असल्यामुळे पेटीची उबदार बाजू सुमारे 32 अंश सेल्सिअसवर नसेल, तर जठरातील भक्ष्य पचण्याऐवजी कुजते आणि उलटीवाटे बाहेर पडते. उबेनंतर पाणी, आणि शरीरातील पाण्याची तूट भरून निघाल्यावरच अन्न, हा क्रम त्यासाठीच आहे. पचन हे सापासाठी मोठे खर्चाचे काम आहे: स्टीफन सेकर आणि जॅरेड डायमंड यांनी 1990च्या दशकात ब्रह्मदेशी अजगरांवर केलेल्या संशोधनातून असे दिसले, की उपासात आक्रसलेले लहान आतडे भक्ष्य गिळल्यानंतर एक-दोन दिवसांतच वजनाने जवळजवळ दुप्पट होते. ही उभारणी खंगलेल्या शरीराला झेपत नाही. शिवाय दीर्घ उपासानंतर एकदम भरपेट अन्न मिळाले, तर पेशी साखरेबरोबर रक्तातील पोटॅशियम व फॉस्फेटही ओढून घेतात आणि हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. या स्थितीला पुनर्पोषण विकृती म्हणतात.

म्हणून सुरुवात बहुधा पातळ, गाळलेल्या मांसाहारी आहाराच्या थोड्या मात्रेने होते. सापाचे डोके हलकेच धरून जबडा मऊ, बोथट पट्टीने उघडला, की तोंडाच्या तळाशी, जिभेच्या म्यानाच्या लगेच मागे, उघडझाप करणारे श्वासरंध्र स्पष्ट दिसते. वंगण लावलेली लवचिक नळी त्याच्या वरून अन्ननलिकेत आणि पुढे जठरापर्यंत सरकवतात, कारण आहार या रंध्रात गेल्यास थेट फुप्फुसात उतरतो. नागपंचमीला सक्तीने दूध पाजलेले साप दगावतात, त्याचे एक कारण हेच आहे. ताकद थोडी परतल्यावर मेलेल्या उंदराच्या लहान पिल्लाचे डोके सापाच्या जबड्यात ठेवून हात स्थिर ठेवतात. पुढचे गिळण्याचे काम साप स्वतः करतो, आणि बळजबरीने ढकलण्यापेक्षा ही रीत निःसंशय अधिक सुरक्षित आहे.

भारतात देशी साप पाळणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार गुन्हा असल्याने ही कौशल्ये येथे वन्यजीव उपचार केंद्रांतील जखमी सापांच्या कामी येतात. दोन्हीकडे नियम सारखाच: भरवल्यानंतर निदान दोन दिवस सापाला हात लावायचा नाही, उलटी झाल्यास पुढचे अन्न किमान दहा दिवस लांबवायचे, आणि साप स्वतःहून भक्ष्यावर झडप घालू लागला तरी पहिली काही भक्ष्ये नेहमीपेक्षा लहानच द्यायची.