पुलाच्या खालची बाजू

३ जुलै २०१८, मंगळवार. सकाळचे साडेसात वाजत आले होते आणि पाऊस कोसळत होता. अंधेरीहून चर्चगेटकडे निघालेल्या लोकलच्या मोटरमनना, चंद्रशेखर सावंत यांना, समोर गोखले पुलाचा कडेचा भाग रुळांवर कोसळताना दिसला. त्यांनी तातडीचा ब्रेक लावला आणि भरलेली गाडी अलीकडेच थांबली. मात्र पुलाखाली सापडलेल्या पाच जखमींपैकी दोघे पुढे वाचले नाहीत.

अंधेरी पूर्व आणि पश्चिम जोडणारा हा पूल १९७५चा. त्या दिवशी पडला तो त्याचा पदपथ. मूळ पुलाच्या बाजूला ब्रॅकेटवर तोललेला हा भाग वर्षानुवर्षे वजन झेलत गेला. त्याच्या पोटातून केबल गेल्या, वर वाळू आणि पेव्हर ब्लॉक आले. खाली ब्रॅकेट गंजत होते. वरून चालणाऱ्याला फरशी नवी दिसत होती. पूल मात्र खालून म्हातारा होत होता.

म्हातारपणाची ही वाट ठरलेली आहे. काँक्रीटमधला अल्कली गुण आतल्या सळईला गंजापासून जपतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरत गेला की तो गुण ओसरतो. समुद्राच्या खाऱ्या हवेने आणि चार महिन्यांच्या पावसाने काम आणखी सोपे होते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो आतून काँक्रीट फोडतो. आधी तांबूस ओघळ, मग केसासारखी भेग, मग पापुद्रा सुटतो आणि सळई उघडी पडते. सांध्यात रुजलेले पिंपळाचे रोपही पाणी आत झिरपत असल्याची खबर देत असते.

ही भाषा वाचणे म्हणजे पुलाची तपासणी. हातोडीने ठोकत गेले की भरीव काँक्रीट खणखणते आणि सुटलेला थर बोदा आवाज देतो. रिबाउंड हॅमर पृष्ठभागाची ताकद सांगतो. अल्ट्रासोनिक लहर आरपार जायला किती वेळ घेते, त्यावरून आतली पोकळी कळते. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन शिंपडले की निरोगी भाग गुलाबी होतो. रंग आला नाही, तर तिथले संरक्षण संपले. पण यासाठी पुलाखाली जवळ जावे लागते, आणि रेल्वेवरच्या पुलाखाली २५,००० व्होल्टची तार असते. शेवटची लोकल गेल्यावर आणि पहिली येण्याआधी, वीजपुरवठा बंद करून जे काही तास मिळतील, तेवढेच हाती असतात.

दुसरी अडचण हद्दीची. रुळांवरचा भाग रेल्वेचा, दोन्हीकडचे चढ-उतार महापालिकेचे. दुर्घटनेनंतर जबाबदारी कोणाची, यावरच आधी वाद झाला. मग रेल्वे, महापालिका आणि आयआयटी मुंबई यांनी शहरातल्या ४४५ पुलांची संयुक्त तपासणी हाती घेतली. पण तपासणी झाली एवढे पुरत नाही. सीएसएमटीजवळच्या हिमालय पुलाचीही तपासणी झाली होती आणि किरकोळ दुरुस्ती सुचवली गेली होती. १४ मार्च २०१९च्या संध्याकाळी तो पडला आणि सात जीव गेले.

गोखले पूल धोकादायक ठरवून ७ नोव्हेंबर २०२२ रोजी वाहतुकीला बंद झाला. उपनगराला त्याची किंमत तेव्हा समजली. विलेपार्ल्याच्या कॅप्टन गोरे पुलावर आणि जोगेश्वरीकडे गाड्यांच्या रांगा लागल्या; अंधेरी सबवे तर मोठ्या पावसात तुंबतोच. रेल्वेने रात्रीचे ब्लॉक घेत जुना पूल तुकड्या-तुकड्यांनी उतरवला.

नव्या पुलाचे लोखंडी गर्डर अंबाल्यात तयार झाले. २०२३च्या पावसाळ्यात तिथे पूर आला आणि अंधेरीचे वेळापत्रक लांबले. सुमारे १,३०० टनांचा पहिला गर्डर डिसेंबर २०२३मध्ये रुळांवरून पुढे सरकवला गेला. मग त्याला बाजूला घेऊन जॅकवर थोडा थोडा करत साडेसात मीटर खाली उतरवले. २६ फेब्रुवारी २०२४ला एक बाजू खुली झाली, आणि लोकांना दिसले की शेजारच्या बर्फीवाला पुलाशी ती जुळतच नाही. रेल्वेच्या नव्या नियमाने गोखले पूल उंच झाला होता, बर्फीवाला होता तिथेच होता. व्हीजेटीआय आणि आयआयटीच्या सल्ल्याने बर्फीवाला पूल जॅकने एका बाजूला १,३९७ आणि दुसऱ्या बाजूला ६५० मिलिमीटर उचलला गेला. ४ जुलै २०२४ला ही जोडणी सुरू झाली. दुसरा गर्डर बसून संपूर्ण पूल खुला व्हायला ११ मे २०२५ उजाडले.

एवढा खटाटोप केल्यावर मागणी एकच उरते. रेल्वेच्या डब्याच्या टोकाला रंगाने लिहिलेले असते: मोठी देखभाल कोणत्या कारखान्यात, कधी झाली आणि पुढची कधी. फलाटावरचा कोणीही ते वाचू शकतो. तशीच एक ओळ प्रत्येक पुलाच्या खांबावर हवी: खालून शेवटचे कोणी पाहिले, कधी पाहिले, पुन्हा कधी पाहणार. नव्या गोखले पुलाने पहिला पावसाळा झेलला आहे. त्याच्या गर्डरवर ती ओळ आत्ताच लिहायला हवी, रंग ताजा आहे तोवर.