इंचभर पायलट, दीड हात युद्धनौका!

माहीत आहे का? जगभरातल्या प्लॅस्टिकच्या रणगाड्यांची साइझ कुण्या जनरलनं ठरवली नाही, कुण्या इंजिनिअरनंही नाही. ती ठरवली दोन सेलनी!

हो, टॉर्चमध्ये घालतात तसले सेल. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या शिझुओका शहरातली तामिया कंपनी जर्मन पँथर रणगाड्याचं किट बनवत होती. गडी मोटरवर पळाला पाहिजे, ही अट. मग पोटात मोटर आली, दोन सेल आले आणि ते मावतील एवढा रणगाडा आखला गेला. किट धडाधड खपलं. मागाहून हिशेब केला तेव्हा कळलं, स्केल निघालंय साधारण १/३५! आज इटलीची इटालेरी घ्या, चीनची ट्रम्पेटर घ्या, रशियाची झ्वेझ्दा घ्या, रणगाड्यांचं स्टँडर्ड स्केल तेच. मोटर गेली, सेल गेले, स्केल मात्र राहिलं!

आणि ही तामिया मुळात लाकडाचा धंदा करणारी बरं का. १९४६ सालची सुरुवात. प्लॅस्टिकचं पहिलं किट आलं १९६० मध्ये. कशाचं? ‘यामातो’चं, म्हणजे जपानच्या सगळ्यात बलाढ्य युद्धनौकेचं. छोटी सुरुवात वगैरे भानगडच नाही!

नव्या दोस्तांसाठी स्केलचं गणित एका दमात. १/३५ म्हणजे खरी वस्तू मॉडेलच्या ३५ पट. विमानांचं लाडकं स्केल १/७२. तिथं सहा फूट म्हणजे एक इंच, त्यामुळे सहा फुटी पायलट बरोब्बर इंचभर. जहाजांसाठी १/३५० आणि १/७००. खरी ‘यामातो’ होती २६३ मीटर लांब. १/३५० मध्ये ती होते ७५ सेंटिमीटर, दीड हाताहून थोडी जास्तच. टीव्हीखालचा कप्पा आधी मोजून घ्या!

तेवढ्यानं भागत नसेल तर जपानमधलं कुरे गाठा. ‘यामातो’ जिथं बांधली, त्याच गावच्या संग्रहालयात तिचं १/१० मॉडेल उभं आहे. लांबी २६.३ मीटर. २००५ पासून लोक त्याच्याभोवती माना वर करून फिरताहेत.

माहीत आहे का, बाजारातल्या कितीतरी युद्धनौकांना पोटच नसतं? १९७१ साली शिझुओकातल्या चार कंपन्या एकत्र आल्या: तामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी. एरवी एकमेकींच्या कट्टर स्पर्धक. पण आख्खं नौदल १/७०० मध्ये आणायचं तर एकटीला झेपणार कसं? मग त्यांनी जहाजं आपसात वाटून घेतली! ही क्रूझर तुझी, ती डिस्ट्रॉयर माझी. पाण्याखाली जाणारा भाग सरळ गाळून टाकला. टेबलावर ठेवलं की जहाज थेट समुद्रात चालल्यासारखं दिसतं. नाव पडलं वॉटरलाइन सिरीज. सलाम त्या डोक्यांना!

शिझुओकाला हे वेड एवढं लागलंय की तिथं रस्त्यावरची टपालपेटीसुद्धा किटच्या चौकटीत अडकवलेल्या सुट्या भागांसारखी उभी केली आहे. आणि हो, पत्र टाकलं की जातं!

आता एक उडी मारू, थेट दुसऱ्या महायुद्धात. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाला पाच लाख मॉडेल विमानं हवी होती. ऑर्डर कुणाला? शाळेतल्या पोरापोरींना! ५० प्रकारची विमानं, प्रत्येकी १० हजार, लाकडाची, १/७२ स्केलची, वरून काळा रंग. आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं, हे नुसत्या आकारावरून ओळखायचं ट्रेनिंग त्यांच्यावर चालायचं. गंमत बघा: ३५ फुटांवर टांगलेलं १/७२ मॉडेल डोळ्याला जेवढं दिसतं, तेवढंच अर्ध्या मैलावरचं खरं विमान दिसतं. ज्या वयात कागदी विमानं उडवायची, त्या वयात ही मुलं तोफखान्याचे डोळे तयार करत होती. या छंदाच्या इतिहासातला माझा सगळ्यात आवडता किस्सा हाच.

त्याच्याही आधी, पहिल्या महायुद्धात? तिथंही मॉडेल हजर! जर्मन पाणबुड्यांना चकवायला ब्रिटिश चित्रकार नॉर्मन विल्किन्सननं १९१७ मध्ये जहाजांवर झेब्र्यालाही लाजवतील असे पट्टे मारायची आयडिया काढली. जहाज लपत नव्हतं, पण ते नेमकं कुठल्या दिशेनं चाललंय तेच शत्रूला कळेना. पण कुठला पट्टा चालेल, हे कसं ठरवायचं? लंडनच्या रॉयल अकॅडमीत छोटी लाकडी जहाजं रंगवून फिरत्या टेबलावर ठेवली आणि पेरिस्कोपमधून बघितली. रंगकामात मुलींची मोठी फौज होती. पाहायला आलेल्या राजे पाचव्या जॉर्जनाही दिशा ओळखता आली नाही, असा किस्सा सांगतात. आजही हे डॅझल पट्टे मारलेलं मॉडेल प्रदर्शनात असलं की गर्दी तिथंच. मास्किंग टेप लावता लावता बोटं दुखतात, पण काय दिसतं म्हणून सांगू!

प्लॅस्टिक किट पहिल्यांदा आली कधी? १९३६, ब्रिटन. फ्रॉग नावाची कंपनी उडणारी खेळण्यातली विमानं विकायची. मग तिनं न उडणारी, घरी जोडायची प्लॅस्टिकची विमानं काढली आणि त्या मालिकेला नाव दिलं पेंग्विन. पक्षी आहे, पण उडत नाही. मार्केटिंगवाल्याला बोनस द्यायला हवा होता!

आणि एअरफिक्स? ब्रिटिश पोरांच्या तीन पिढ्यांचं बालपण ज्या नावानं रंगलं, ती कंपनी १९३९ मध्ये निकोलस कोव्ह या हंगेरियन निर्वासितानं काढली. सुरुवातीला माल कुठला? हवा भरायची रबरी खेळणी. त्यानंतर? कंगवे! नाव ‘ए’पासून कशाला? धंद्यांच्या यादीत वर झळकावं म्हणून. पहिलं मॉडेल ना स्पिटफायर, ना लँकेस्टर. १९४९ चा फर्ग्युसन ट्रॅक्टर! फर्ग्युसनच्या सेल्समननी गिऱ्हाइकांना दाखवायला म्हणून तो बनवला होता. स्पिटफायर आलं १९५३ मध्ये, आणि मग कंपनीनं जे टेकऑफ घेतलं ते घेतलंच.

२००९ मध्ये तर कहर झाला. टीव्हीवाल्या जेम्स मे यानं कॉसफर्डच्या आरएएफ संग्रहालयात शाळकरी मुलांकडून एअरफिक्स स्टाइल स्पिटफायर जोडून घेतलं. स्केल? १/१!

खोक्यावरचं चित्र पाहून किट घेतलंत ना? सगळेच घेतात! एअरफिक्सची ती थरारक चित्रं काढणारा रॉय क्रॉस युद्धकाळात विमान कंपनीसाठी टेक्निकल ड्रॉइंग करायचा. म्हणून त्याच्या चित्रातला खिळा न् खिळा जागच्या जागी. शंभरी गाठून २०२४ मध्ये तो गेला. त्याच्या हयातीतच, १९७०च्या दशकात, हिंसा नको म्हणून खोक्यांवरचे स्फोट आणि गोळीबार पुसून टाकले गेले. विमानं तीच, आकाश तेच, आग गायब! माझं स्पष्ट मत: आगीसकटचीच चित्रं भारी होती.

जर्मनीत तर कायदाच आहे. नाझी चिन्ह दाखवायला बंदी, म्हणून तिथं विकल्या जाणाऱ्या किटच्या डेकलमधून, म्हणजे चिकटवायच्या चित्रांमधून, शेपटीवरचं ते चिन्ह गाळलेलं असतं, नाहीतर दोन तुकड्यांत दिलेलं असतं.

आता हेरगिरी! बसा सावरून.

१९६१. रेव्हेल या अमेरिकन कंपनीनं पोलारिस क्षेपणास्त्रं वाहणाऱ्या अणुपाणबुडीचं किट बाजारात आणलं. आतले कप्पे, क्षेपणास्त्रांच्या नळ्या, सगळं तपशीलवार. अमेरिकेच्या अणुपाणबुड्यांचे जनक ॲडमिरल रिकोव्हर भडकले. लाखो डॉलरची माहिती रशियाला २ डॉलर ९८ सेंटमध्ये मिळतेय, असं त्यांचं म्हणणं. खेळण्याच्या दुकानातल्या खोक्यानं ॲडमिरलची झोप उडवली! एखाद्या मॉडेलला याहून मोठं सर्टिफिकेट मिळेल का?

२५ वर्षांनी उलटाच तमाशा. अमेरिकेकडे रडारला न दिसणारं गुप्त विमान आहे, अशी कुजबुज होती. टेस्टर्स कंपनीनं १९८६ मध्ये अंदाजानंच त्याचं किट काढलं, नाव एफ-१९. खप तुफान! अमेरिकन काँग्रेसमध्ये आरडाओरडा: आम्हा खासदारांना जे बघायला मिळत नाही, ते पोरांच्या टेबलावर कसं? १९८८ मध्ये खरं विमान जाहीर झालं. नंबर एफ-११७. आकार? किट सगळं गोलसर, खरं विमान हिऱ्यासारखं पैलूदार. साम्य जवळपास शून्य! रडारला चकवायचं होतं, आख्ख्या जगालाच चकवलं.

आणि ‘स्टार वॉर्स’? १९७७ च्या त्या पिक्चरमधली आंतरतारकीय जहाजं एवढी खरी का वाटतात, माहीत आहे का? त्यांच्या अंगाखांद्यावर जर्मन रणगाडे, तोफा, विमानं यांच्या किटचे सुटे भाग चिकटवलेत! कलाकारांनी खोकीच्या खोकी रिकामी केली. मिलेनियम फाल्कन पुन्हा बघा आणि पॉज करा. दुसरं महायुद्ध अंतराळात सापडेल.

आता जरा टेबलावर येऊ, कारण खरी जादू तिथं आहे.

या छंदातला ग्लू चिकटवत नाही, वितळवतो. दोन्ही कडांचं पॉलिस्टायरीन तो विरघळवतो, ते एकमेकांत मिसळतं आणि सुकल्यावर एकजीव होतं. वेल्डिंगच म्हणा ना! म्हणून थेंब जास्त पडला की पंखावर बोटाचा ठसा कायमचा.

जोडताना १ मिलिमीटर फट राहिली तर? १/७२ मध्ये तिचा अर्थ खऱ्या विमानाला ७ सेंटिमीटरचं भगदाड! म्हणून पुट्टी भरा, पॉलिश पेपर मारा, पुन्हा भरा, पुन्हा मारा. कंटाळा आला? मग हा छंद नव्हे, कॅरम खेळा.

माणसाचा केस बारीक वाटतो ना? १/७०० च्या जहाजावर तारेऐवजी केस लावलात तर हिशेबानं ती तार होते जवळपास ५ सेंटिमीटर जाड! म्हणजे केसाहूनही बारीक काहीतरी हवं. पूर्वापार जुगाड असा: किटची उरलेली प्लॅस्टिक चौकट मेणबत्तीवर तापवायची आणि दोन्ही हातांनी हळूच ओढायची. कोळ्याच्या जाळ्यासारखा धागा निघतो. ही ॲंटेना!

स्वयंपाकघरही कामाला येतं. रणगाड्याचा रंग उडालेला, खाली गंज दिसतोय असं दाखवायचंय? आधी गंजाचा रंग द्या, वर पाणी लावून मीठ भुरभुरा, त्यावर हिरवा रंग मारा आणि सुकल्यावर मीठ घासून काढा. चवीपुरतंच हं! कॉकपिटची काच आरशासारखी लखलखीत करायला परदेशी मंडळी वर्षानुवर्षं फरशीचं पॉलिश वापरत आली आहेत. बुडवा, काढा, सुकवा. झकास!

आणि चिमट्यातून उडालेला भाग? तो गालिचा खातो. इंग्रजी मुलखात या राक्षसाला ‘कार्पेट मॉन्स्टर’ म्हणतात. आपल्याकडे गालिचे कमी, फरशा जास्त. फायदाच की! तरी एक टिप: टॉर्च फरशीला टेकवून आडवा मारा. बारक्या भागाचीही लांब सावली पडते आणि चोर सापडतो.

न बांधलेल्या किटचा ढीग हे प्रत्येक मॉडेलरचं गोड गुपित. त्याला म्हणतात ‘स्टॅश’. ढीग एवढा वाढला की उरलेल्या आयुष्यात संपणार नाही, तरी पुढचं खोकं येतंच. कपाटावर, पलंगाखाली, आईच्या माळ्यावर!

आता आपल्या मुलखात या. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करता ना? बुरूज, अळिवाची शेतं, तोफा, मावळे. अहो, तो अस्सल डायोरामा, म्हणजे छोटेखानी देखावा! फक्त मावळा दरवाजापेक्षा उंच नको. पुढच्या दिवाळीला आधी मावळ्याची उंची मोजा आणि मग बुरूज बांधा. बघा किल्ला कसा एकदम खरा वाटायला लागतो!

भारतीय हवाई दलाचं नॅट बांधायचंय? सावधान! एअरफिक्सचं प्रसिद्ध लाल नॅट हे ब्रिटिश हवाई कसरतींच्या रेड ॲरोज पथकाचं, दोन सीटचं ट्रेनर. आपलं नॅट एका सीटचं फायटर. पंख वेगळे, नाक वेगळं. नुसते तिरंगी गोल चिकटवून चालणार नाही! १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरहून निर्मलजितसिंग सेखों जे घेऊन झेपावले आणि परमवीरचक्राचे मानकरी ठरले, ते हेच एकसीटर विमान. १/७२ मध्ये त्याचे पंख जेमतेम ९ सेंटिमीटर. तळहातावर मावतं. सेखोंचं नाव घ्यायचं, तर विमानही त्यांचंच हवं.

दीवला गेलात तर खुकरी स्मारक चुकवू नका. ९ डिसेंबर १९७१ ला बुडालेल्या आयएनएस खुकरीचं मॉडेल तिथं काचेत ठेवलंय, समोर तोच समुद्र.

गोव्यात बोगमाळोला नौदलाचं विमान संग्रहालय आहे. तिथं सी हॉक अगदी जवळून बघता येतं. विमानवाहू विक्रांतवरून १९७१ च्या युद्धात उडालेलं हेच ते विमान. सी हॉकची किट मिळतात, म्हणजे आधी दर्शन, मग खोकं.

आणि रणगाडेवाल्यांची पंढरी? आपलं नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर! तिथलं कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ पासून उभं आहे. पॅटन, मॅटिल्डा, चर्चिल, रोल्स रॉइसची चिलखती गाडी, सगळे एका आवारात, झाडांच्या सावलीत. लंडन नको, बर्लिन नको, पुण्याहून एसटीनं जा. वही-पेन न्या, चर्चिलची चाकं मोजा, पॅटनचा बुरूज निरखून बघा, बोल्ट किती आणि कुठं ते लिहून घ्या. पुढच्या किटला लागणार आहेत!