धुतलेल्या हातांचे अर्थकारण

रुग्णालयात मनुष्य बरा होण्यासाठी जातो. तेथून त्याने नवीच व्याधी घेऊन परतावे, हा दैवदुर्विलास होय. मात्र तो विरळा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ मधील अहवालानुसार, श्रीमंत देशांच्या रुग्णालयांत दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी ७ जणांना, तर अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना रुग्णालयातच एखादा तरी संसर्ग जडतो. तो पसरण्याचे एक प्रमुख साधन म्हणजे शुश्रूषा करणाऱ्यांचे न धुतलेले हात.

हे ज्ञान नवे नाही. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात १८४७ साली दोन प्रसूतिकक्ष होते. एकात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. पहिल्या कक्षात सूतिकाज्वराने मरणाऱ्या बाळंतिणींचे प्रमाण दुसऱ्याच्या कितीतरी पट असे. त्याच वर्षी शवविच्छेदनाच्या वेळी सुरीची जखम होऊन याकोब कोलेच्का हे प्राध्यापक दगावले. त्यांच्या आजाराची लक्षणे बाळंतिणींच्या आजाराशी जुळतात, हे इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने हेरले. शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीकडे येणाऱ्या हातांतच मृत्यूचे मूळ आहे, असा निष्कर्ष काढून त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शेकडा १८ असलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये शेकडा २ च्या आसपास आले. परंतु आपल्याच हातांनी रुग्ण मरतात, हे मान्य करणे अनेक प्रतिष्ठित वैद्यांना जड गेले. सेमेलवाइसची नेमणूक पुढे चालू ठेवली गेली नाही आणि १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला.

पुढे जंतुशास्त्राने त्याचे म्हणणे सिद्ध केले. आज हात धुण्याचे महत्त्व कोणीही नाकारीत नाही; तरीही ते धुतले जात नाहीत. याचे खापर सामान्यतः सेवकांच्या बेफिकिरीवर फोडले जाते. तथापि साधा हिशेब मांडून पाहावा. साबणाने हात नीट धुण्यास ४० ते ६० सेकंद लागतात. बेसिनपर्यंतची ये-जा धरून दीड मिनिट मानले आणि परिचारिकेवर तासाला १० वेळा असा प्रसंग येतो असे गृहीत धरले, तर आठ तासांच्या पाळीतले पूर्ण दोन तास त्यातच जातील. जिथे एका परिचारिकेच्या वाट्याला खाटांच्या रांगाच्या रांगा येतात, तिथे हे दोन तास आणायचे कोठून?

शिवाय येथे खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा, अशी स्थिती आहे. वेळ आणि श्रम सेवकाचे जातात. टळलेला संसर्ग मात्र कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही. संसर्ग झालाच, तर लांबलेला मुक्काम, वाढीव औषधे आणि बुडालेली मजुरी यांचा भार रुग्णाच्या कुटुंबावर पडतो. असा व्यवहार केवळ उपदेशाने सुधारत नसतो. त्यासाठी योग्य कृती सोपी करावी लागते.

जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयाने नेमके हेच केले. दिदिए पिते व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात अल्कोहोलयुक्त द्रावणाच्या बाटल्या रुग्णांच्या खाटांपाशी पोहोचविल्या, भिंतींवर सूचनाफलक लावले आणि निरीक्षणांचे निष्कर्ष कर्मचाऱ्यांपुढे ठेवले. हे द्रावण चोळण्यास २० ते ३० सेकंद पुरतात. म्हणजे वरच्या हिशेबातले दोन तास ४० मिनिटांवर येतात. हातांच्या स्वच्छतेचे प्रमाण १९९४ मधील शेकडा ४८ वरून १९९७ मध्ये ६६ झाले आणि १९९८ पर्यंत संसर्गाचे प्रमाण शेकडा १६.९ वरून ९.९ वर उतरले. सुधारणा झाली ती मुख्यतः परिचारिका व मदतनिसांत; डॉक्टरांचे वर्तन फारसे बदलले नाही! व्हिएन्नाचा वारसा असा चिवट आहे.

अर्थात द्रावण म्हणजे सर्वस्व नव्हे. हात उघड मळलेले वा रक्ताने माखलेले असतील, तर साबण आणि पाण्याला पर्याय नाही. जगातील सुमारे निम्म्या आरोग्यकेंद्रांत उपचाराच्या जागी व शौचालयापाशी या साध्या सोयीही एकत्र आढळत नाहीत, असे २०२२ मधील जागतिक पाहणी सांगते. भारतात केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांच्या स्वच्छतेसाठी २०१५ मध्ये ‘कायाकल्प’ पुरस्कार सुरू केले, हे स्तुत्यच आहे. परंतु पुरस्कार वर्षातून एकदा मिळतो आणि साबण दररोज लागतो. म्हणून साबण, द्रावण व वाहते पाणी यांना औषधांइतकेच हक्काचे स्थान अंदाजपत्रकात हवे. रिकाम्या झालेल्या बाटलीचा जाब भांडारप्रमुखाला विचारला जावा आणि हात स्वच्छ करण्याचा नियम वॉर्डबॉयपासून विभागप्रमुखापर्यंत सर्वांना सारखा असावा. रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या नातेवाइकांनाही तो समजावून सांगावा.

रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी व केल्यानंतर हात स्वच्छ करणे हे सेवकाचे कर्तव्य खरेच. पण ते पार पाडता येईल अशी सोय करणे हे शासनाचे आणि रुग्णालय चालकांचे कर्तव्य आहे. सेवकांना हात धुण्यास सांगणाऱ्यांनी स्वतःच्या जबाबदारीतून हात झटकणे योग्य नव्हे.