भात खाचरात तणनाशक केव्हा वापरावे?

जव्हार-मोखाडा भागातील वांगणीसारख्या गावांत लावणी आटोपताच नागलीची कामे सुरू होतात आणि भाताची बेणणी मागे पडते. लावणीनंतरचे पहिले ३० ते ४५ दिवस मात्र फार महत्त्वाचे असतात. या काळात पाखड, लव्हाळा, माका यांसारखी तणे भाताचे खत, पाणी व सूर्यप्रकाश घेतात. पुढे केलेल्या बेणणीने हे नुकसान भरून येत नाही. तणनाशकाचे यश औषधापेक्षा वेळेवर अधिक अवलंबून असते.

तण उगवण्यापूर्वी : लावणीनंतर २ ते ५ दिवसांत प्रेटिलाक्लोर ५० टक्के प्रवाही, हेक्टरी १.५ लिटर, ५०० लिटर पाण्यातून फवारावे. गुंठ्याला १५ मि.लि. औषध व ५ लिटर पाणी लागते, म्हणजे १५ लिटरचा पंप तीन गुंठ्यांना पुरतो. हे औषध उगवणाऱ्या कोंबावर काम करते, मोठे झालेले तण त्याने मरत नाही. खाचरात पाण्याचा पातळ थर ठेवावा व दोन-तीन दिवस पाणी बाहेर सोडू नये. मुसळधार पावसात बांध फुटून पाणी वाहिले, तर औषधही वाहून जाते. म्हणून आधी बांध नीट करावेत आणि पावसाची उघडीप पाहून फवारावे.

तण उगवल्यानंतर : पहिली वेळ चुकल्यास, तण २ ते ४ पानांवर असताना, साधारण १५ ते २५ दिवसांनी, बिस्पायरीबॅक सोडियम १० टक्के हेक्टरी २०० ते २५० मि.लि. फवारावे. हे पानांतून शोषले जाते. म्हणून आधी पाणी काढून तण उघडे करावे व दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाणी भरावे. फवारणीनंतर काही तास पाऊस नसावा.

दक्षता : नागली व वरईवर भाताचे तणनाशक फवारू नये, तेथे हाताने बेणणी करावी. बांधावरचा टाकळा, कुर्डू ही आपली रानभाजी आहे. तेथे औषध उडू देऊ नये. फवारलेल्या खाचरातले खेकडे, मासे खाऊ नयेत व ते पाणी ओहोळात सोडू नये. वारा असताना फवारू नये. हातमोजे व तोंडाला फडके वापरावे. डब्यावरील माहितीपत्रक वाचून घ्यावे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, लावणीचा दिवस भिंतीवर लिहून ठेवा. तेथून दिवस मोजलेत, तर बेणणीची मजुरी वाचेल व औषधही वाया जाणार नाही.