अजिंठ्याच्या भिंतीपुढे डॉक्टर, रसायनतज्ज्ञ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात शिरणाऱ्याची नजर पद्मपाणीवर जाते आणि तिथेच खिळते. मागे गाभाऱ्यातल्या भव्य बुद्धमूर्तीला हात जोडून मंडळी पुढच्या लेण्याकडे वळतात. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे कलेतिहासकार वॉल्टर स्पिंक मात्र त्या मूर्तीच्या बैठकीकडे निरखून पाहत राहिले. मूर्ती पूजेत असली की पुढे दिवे लागतात, बैठकीवर काजळी धरते. इथे ती नाही. गाभाऱ्याभोवती हार टांगण्यासाठी आकड्यांची सोय केलेली आहे; तिथे रोज हार चढले-उतरले असते, तर शेजारची चित्रं घासली गेली असती. तीही घासलेली नाहीत. यावरून स्पिंक यांनी निष्कर्ष काढला की, एवढं देखणं लेणं कोरून आणि रंगवून झालं, पण मूर्तीची प्रतिष्ठापना कधी झालीच नाही.

असं का व्हावं? या एका प्रश्नाचं उत्तर शोधताना कलेचा इतिहास, वास्तुरचना, शिलालेख आणि संस्कृत गद्य यांची सांगड घालावी लागते. अजिंठा हा अशा एकत्रित संशोधनाचा आपल्या घरचा, आणि माझ्या मते सर्वांत बोलका नमुना आहे.

वाघोरा नदीच्या नालाकृती वळणावर कोरलेली ही लेणी २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या मद्रास लष्करातल्या कॅप्टनच्या दृष्टीस पडली. दहाव्या लेण्याच्या खांबावर त्याने आपलं नाव कोरून ठेवलं, ते आजही आहे. लेणी कोणी खोदवली, हे मात्र पुढची कित्येक वर्षं कुणाला सांगता येत नव्हतं. ते कोडं सोडवण्याचा पाया घातला तो एका वैद्यकीय डॉक्टरने. गोव्यातल्या मांद्र्याचे भाऊ दाजी लाड हे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर. दवाखाना चालवायचे, कुष्ठरोगावरच्या औषधाचा शोध घ्यायचे आणि त्याच वेळी ब्राह्मी लेखांचे ठसे घेऊन अक्षर न् अक्षर लावत बसायचे. अजिंठ्याच्या लेखांचं त्यांचं वाचन १८६०च्या दशकात रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात छापून आलं. सोळाव्या लेण्याबाहेरचा लेख वाकाटक घराण्याचा आहे, हे त्यातून पुढे आलं.

पण लेख झिजलेला होता. राजांच्या यादीतली काही नावं लागत नव्हती, काही चुकीची लागली होती. १९३९ साली वाशीमला एक ताम्रपट मिळाला आणि चित्र पालटलं. वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा वत्सगुल्म म्हणजे आजच्या वाशीममधून राज्य करत होती आणि सर्वसेन हा तिचा मूळपुरुष होता, हे त्यातून कळलं. नागपूरचे वासुदेव विष्णु मिराशी हा धागा घेऊन अजिंठ्याच्या लेखाकडे परत वळले आणि आधीच्या अभ्यासकांच्या हातून निसटलेलं सर्वसेनाचं नाव त्यांनी तिथे वाचून दाखवलं. लेण्याचा दाता वराहदेव हा हरिषेण राजाचा मंत्री. म्हणजे वाशीमच्या दरबाराशी या चित्रांची नाळ जुळली. विदर्भातल्या एका गावात सापडलेल्या तांब्याच्या पत्र्यांनी मराठवाड्याच्या सीमेवरचं लेणं उलगडावं, याचं अप्रूप आजही कमी होत नाही.

मिराशी तिथेच थांबले नाहीत. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तल्या शेवटच्या कथेत विदर्भाचं एक राज्य बुडाल्याची हकिगत येते. तिच्यात वाकाटकांच्या अखेरीचे पडसाद आहेत, असं त्यांनी मांडलं. स्पिंक यांनी हा दुवा उचलला आणि त्याला दगडाची साक्ष जोडली.

ती साक्ष पाहण्यासारखी आहे. भिक्षूंच्या खोल्यांना लाकडी दारं होती. लाकूड गेलं, पण दाराची चूळ ज्या भोकात फिरायची ती भोकं राहिली. सुरुवातीच्या खोल्यांत दार बसवण्याची सोय कच्ची आहे. पुढेपुढे कारागीर दगडातच खोबण ठेवू लागले. दाराची रीत बदलत गेली तो क्रम लावला की खोल्या कोणत्या क्रमाने खोदल्या, ते कळतं. भोक झिजलेलं असेल तर खोलीत कुणी राहिलं होतं, कोरं असेल तर नाही. अशा बारीक खुणा जुळवत स्पिंक यांनी आयुष्याची अनेक दशकं या डोंगरात घालवली आणि अजिंठ्याचा इतिहास अनेक खंडांत लिहिला. त्यांचं म्हणणं असं की, इसवी सनापूर्वीची मोजकी लेणी सोडली तर बाकीचं सगळं काम हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, जेमतेम वीस वर्षांत झालं. पहिलं लेणं खुद्द राजाचं होतं. राजा अचानक गेला आणि मूर्तीपुढे दिवा लागायचा राहिला. हा अल्पकाळाचा सिद्धांत सर्वांना मान्य नाही. राजांच्या सनावळीबद्दल आजही वाद आहेत. पण स्पिंक यांच्यानंतर नुसत्या शैलीकडे बोट दाखवून लेण्याचा काळ सांगणं कुणालाही अवघड झालं, हे त्यांचं मोठं काम.

नुसत्या नजरेवर विसंबलं की काय होतं, याचं उदाहरण पहिल्याच लेण्यात आहे. एका चित्रात परदेशी पेहरावातली माणसं राजापुढे नजराणे घेऊन उभी आहेत. जेम्स फर्ग्युसन यांनी १८७९मध्ये सांगितलं की, हा पुलकेशीच्या दरबारात आलेला इराणी वकील आहे. पुलकेशी सातव्या शतकातला, तेव्हा चित्रही सातव्या शतकातलं ठरलं आणि हे पाठ्यपुस्तकांत रुजलं. पुढे जर्मन अभ्यासक डीटर श्लिंगलॉफ यांनी बौद्ध ग्रंथांतल्या कथा आणि भिंतीवरचे प्रसंग समोरासमोर ठेवले. त्यांच्या मते हे दृश्य महासुदर्शन राजाच्या कथेतलं आहे. चित्रातला दरबार इतिहासातला नसून कथेतला असेल, तर त्यावर उभारलेला काळही ढासळतो.

आता चित्राच्या आत शिरू. अजिंठ्याची चित्रं सर्रास ‘फ्रेस्को’ म्हणून ओळखली जातात, पण ओल्या चुन्यावर रंगवण्याची ती युरोपीय पद्धत इथे नाही. काळ्या कातळावर आधी मातीचा जाडाभरडा गिलावा, त्यावर बारीक मातीचा दुसरा थर, वर चुन्याचा पातळ हात आणि तो सुकल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग, अशी ही रचना आहे. मातीत भाताचं तूस, गवत, वनस्पतींचे तंतू मिसळलेले. लाल आणि पिवळा रंग गेरू आणि पिवळ्या मातीचा, काळा काजळीचा. हिरवी माती दख्खनच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत मिळते. निळा मात्र इथला नाही. लाजवर्दाचा तो दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून यायचा. इसवी सनापूर्वीच्या नवव्या-दहाव्या लेण्यांतल्या मूळ चित्रांत हा निळा आढळत नाही, वाकाटक काळात तो येतो. व्यापाराचा इतिहास असा रंगाच्या कणातून वाचता येतो.

हे सगळं कळायला उशीर झाला आणि त्याची किंमत चित्रांनी मोजली. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४पासून अजिंठ्यात राहून नकला केल्या. त्यातल्या बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत १८६६ साली जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले. १८७२ ते १८८५ या काळात त्यांनी पुन्हा नकला केल्या. त्यातल्याही अनेक लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. रंग उठून दिसावेत म्हणून या काळात मूळ चित्रांवर वार्निश फिरवलं गेलं. पुढे निजाम सरकारने लोरेन्झो चेकोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. १९२०नंतरच्या त्यांच्या कामाने सुटलेला गिलावा भिंतीला धरून राहिला, हे त्यांचं ऋण मानायलाच हवं. पण त्यांनी चित्रांवर लाखेचा थरही चढवला. तो काळवंडला, आकसला आणि खालच्या रंगाचे पापुद्रे ओढू लागला. हेतू सगळ्यांचा चांगला होता. त्या थराचं पुढच्या पन्नास-शंभर वर्षांत काय होईल, हे सांगणारा रसायनतज्ज्ञ मात्र शेजारी नव्हता.

तो पुढे आला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे रसायनतज्ज्ञ मॅनेजर राजदेव सिंह यांनी १९९९पासून नवव्या आणि दहाव्या लेण्यांतली काजळी आणि लाख जपून उतरवली, आणि भारतातली सर्वांत जुनी बौद्ध भित्तिचित्रं पुन्हा डोळ्यांना दिसू लागली. याच सिंह यांनी छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांच्यासोबत वेरूळच्या गिलाव्यातले तंतू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. ते निघाले भांगेच्या झाडाचे! जालना जिल्ह्यातून आणि दिल्लीच्या परिसरातून आणलेल्या ताज्या नमुन्यांशी ताडून त्यांनी २०१६मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष छापला. वेरूळच्या गिलाव्याला किडीचा उपद्रव फारसा झालेला नाही. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही आणि तिथल्या किमान पाव भागाला किडीने ग्रासलं आहे. भांगेचा तंतू दमट हवा शोषतो, गिलावा धरून ठेवतो आणि कीड दूर ठेवतो, अशी त्यांची मांडणी आहे. अजिंठ्यानंतरच्या वेरूळच्या कारागिरांना हे ठाऊक असावं, असं त्यावरून दिसतं.

विद्यापीठात रसायनशास्त्र आणि इतिहास यांच्या इमारती वेगळ्या असतात आणि विद्यार्थी तीन वर्षं एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. बारावीला शास्त्र घेतलेल्या मुलीने पुरातत्त्वाकडे वळायचं म्हटलं, की घरातले काळजीत पडतात. महाराष्ट्रात दगडात कोरलेली शेकडो लेणी आहेत आणि त्यांच्या गिलाव्यापासून पाझरणाऱ्या पाण्यापर्यंत अभ्यासायचं बरंच काम शिल्लक आहे. त्यासाठी सूक्ष्मदर्शक चालवणारे हात हवेत, ब्राह्मी वाचणारे डोळे हवेत, कातळातल्या भेगा ओळखणारे भूशास्त्रज्ञही हवेत. विद्यापीठांनी या तिघांना एका प्रकल्पात बसवावं आणि वर्षातला एक महिना तरी लेण्यात पाठवावं. पुढच्या सुट्टीत अजिंठ्याला जाणाऱ्यांनी पद्मपाणी जरूर पाहावा. सोबत भिक्षूंच्या खोल्यांतली दाराची भोकं, गिलाव्यातलं तूस आणि गाभाऱ्यातली ती स्वच्छ बैठकही मुलांना दाखवावी. मात्र भिंतीला हात लावू नये.