देह परदेशी, पत्ता देशी

शांघायचं हॉटेल. खोलीत वायफाय फुकट, वेगही झकास. तरी गूगल उघडेना, व्हॉट्सॲपवरचं चक्र फिरायचं थांबेना आणि यूट्यूबचं तर नावच नको. चीनने आपल्या इंटरनेटभोवती जी चाळणी बसवली आहे, तिच्यातून ही मंडळी आत येत नाहीत. वैतागून मी वायफाय बंद केलं आणि पुण्याहून नेलेल्या सिमचं डेटा रोमिंग चालू केलं. घरच्या ग्रुपवरचे चाळीसेक निरोप एकदम कोसळले. टॉवर चिनी, लहरी चिनी, टॉवर चालवणारी कंपनीही चिनी. मग ती चाळणी गेली कुठे?

चाळणी होती तिथेच होती. फक्त माझं इंटरनेट चीनमध्ये सुरू होत नव्हतं, ते सुरू होत होतं भारतात. परदेशी रोमिंगबद्दल एवढी एक गोष्ट कळली, की बाकीची बरीच कोडी आपोआप सुटतात: न्यू जर्सीत बसून पुण्यातल्या फ्लॅटच्या जाहिराती का दिसतात, सिग्नलच्या सगळ्या काड्या भरलेल्या असूनही पान उघडायला वेळ का लागतो, आणि काही अंशी बिलाचंही.

सुरुवात सिमपासून करू. सिमकार्डात पंधरा आकड्यांची एक ओळख असते. आपला दहा आकडी मोबाइल नंबर वेगळा आणि ही वेगळी. तिचे पहिले तीन आकडे देश सांगतात. भारतासाठी ४०४ किंवा ४०५, अमिरातीसाठी ४२४, जपानसाठी ४४०. त्यापुढचे आकडे कंपनी सांगतात. विमान उतरल्यावर फोन आधी जवळपास कोणते टॉवर आहेत ते चाचपतो. त्याला निरनिराळ्या लहरींचे बरेच पट्टे धुंडाळावे लागतात, म्हणून धावपट्टीवर तो मिनिटभर गोंधळल्यासारखा वागतो. मग एखाद्या टॉवरला तो ही ओळख सांगतो. तिथलं नेटवर्क पहिले आकडे वाचतं आणि समजतं, की पाहुणा भारतातल्या अमुक कंपनीचा आहे. आता प्रश्न असा, की हा पाहुणा खरा कशावरून?

इथे मला जुन्या किल्ल्यांवरचा पहारा आठवतो. रात्री दरवाज्याशी आलेल्या माणसाला परवलीचा शब्द विचारायचा; बरोबर असेल तर दिंडी दरवाजा उघडायचा. सिमची परवली मात्र दर वेळी नवी असते आणि ती कशी बनते हे पहारेकऱ्यालाही ठाऊक नसतं. सिमच्या आत १२८ बिटांची एक गुप्त किल्ली कोरलेली असते. तिची दुसरी प्रत फक्त आपल्या मूळ कंपनीकडे. शांघायचं नेटवर्क भारतात विचारणा करतं, तेव्हा मूळ कंपनी एक यादृच्छिक संख्या निवडते, किल्ली वापरून तिचं उत्तर काढून ठेवते, आणि प्रश्न व अपेक्षित उत्तर अशी जोडी चीनला पाठवते. चिनी नेटवर्क फक्त प्रश्न फोनपुढे टाकतं. सिम आपल्या किल्लीने तेच गणित करतं. दोन उत्तरं जुळली, की प्रवेश. या सगळ्यात किल्ली जागची हललेली नसते.

त्याच क्षणी मूळ कंपनीच्या नोंदवहीतही वर्दी लागते: आपला ग्राहक आता अमक्या देशात, अमक्या नेटवर्कवर. सामानाच्या पट्ट्यावर आपली बॅग यायच्या आत ‘आपले स्वागत आहे’ असा जो एसएमएस येतो, तो या नोंदीमुळेच. तो बहुधा आपल्याच कंपनीने धाडलेला असतो. परक्या देशाने आपलं अगत्याने स्वागत केलं, असं मी कित्येक वर्षं समजत होतो.

ही व्यवस्था युरोपात जन्मली हे साहजिकच आहे, कारण तिथे दोन तास गाडी चालवली की देश बदलतो. सप्टेंबर १९८७ मध्ये कोपनहेगनला तेरा देशांतल्या दूरसंचार संस्थांनी एकाच पद्धतीचं, म्हणजे जीएसएम, नेटवर्क उभारण्याच्या करारावर सह्या केल्या. १९९२ मध्ये फिनलंडची टेलिकॉम फिनलंड आणि ब्रिटनची व्होडाफोन यांच्यात जीएसएमचा पहिला आंतरराष्ट्रीय रोमिंग करार झाला. आपल्याकडे मुंबईचं सर्कल वेगळं आणि महाराष्ट्र-गोव्याचं वेगळं. त्यामुळे एके काळी घाट चढून पुण्याकडे जाणाऱ्या मुंबईकराला ‘रोमिंग लागायचं’, आणि येणारे फोनही पैसे पडतात म्हणून कापले जायचे. घाटमाथ्यावर परदेश सुरू होतो, हा अनुभव फक्त आपल्याच पिढीचा.

आता मूळ कोड्याकडे. ओळख पटली, फोन आत गेला. तुम्ही ब्राउझरमध्ये एक पत्ता टाकला. ही विनंती शांघायच्या टॉवरवरून चिनी कंपनीच्या यंत्रणेत येते. तिथून ती थेट इंटरनेटवर सोडता आली असती, पण तसं सहसा होत नाही. ती विनंती जशीच्या तशी दुसऱ्या एका पाकिटात घातली जाते. वरच्या पाकिटावर पत्ता असतो तुमच्या मूळ कंपनीच्या भारतातल्या गेटवेचा. पाकिटात पाकीट घालण्याच्या या पद्धतीला अभियंते बोगदा म्हणतात. बोगद्यातला हा माल नेहमीच्या इंटरनेटवरूनही जात नाही. मोबाइल कंपन्यांनी आपापसांत जोडलेलं एक खाजगी जाळं आहे, त्यावरून तो देशांच्या सीमा ओलांडतो. भारतात पोचल्यावर वरचं पाकीट फोडलं जातं आणि आतली विनंती भारतीय आयपी पत्त्यानिशी इंटरनेटवर पाऊल टाकते. उत्तर त्याच वाटेने उलटं येतं.

चिनी चाळणी बसवली आहे चीनच्या इंटरनेटवर, आणि माझी विनंती त्या दाराशी गेलीच नव्हती. अर्थात बोगदा म्हणजे तिजोरी नव्हे. वरचं पाकीट काही लाखबंद नसतं, वाटेवरचं नेटवर्क आत डोकावू शकतं. तुमचा मजकूर गुप्त राहतो तो वेबसाइटच्या किंवा ॲपच्या स्वतःच्या कूटलेखनामुळे. शिवाय उलट बाजूही आहे: भारतात बंदी असलेलं टिकटॉकसारखं ॲप भारतीय सिमच्या डेटावर परदेशातही रुसून बसू शकतं.

या फेऱ्याची किंमत वेळेत मोजावी लागते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. लेकाकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला गेलेले आजोबा भारतीय सिमवर न्यूयॉर्कच्या एखाद्या संग्रहालयाची वेळ बघतायत असं समजा. संग्रहालयाचा सर्व्हरही न्यूयॉर्कमध्येच आहे, आणि त्यांच्या सिमच्या कंपनीचा गेटवे मुंबईत. एडिसन ते मुंबई सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. विनंती मुंबईला जाणार, मुंबईहून न्यूयॉर्कला येणार, उत्तर पुन्हा मुंबईला आणि तिथून एडिसनला. चार खेपा, ५०,००० किलोमीटर. पृथ्वीला एक प्रदक्षिणा घालून वर आणखी दहा हजार. प्रकाशाला यासाठी पाव सेकंद लागतो, आणि समुद्रतळाच्या केबल काही सरळ रेषेत टाकलेल्या नसतात, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच. पाव सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण एक वेबपान उघडायला अशी देवाणघेवाण अनेकदा होते. सिग्नलच्या काड्या फोन आणि टॉवरमधलं नातं दाखवतात. पुढच्या मुंबईवारीचा त्यांना पत्ताच नसतो.

याच आजोबांनी पुण्यातल्या आजींना व्हिडिओ कॉल लावला, तर मात्र वळसा जवळजवळ पडत नाही, कारण बोलणं भारतात जायचंच होतं. वरच्या मजल्यावरच्या नातवाला लावला, तर आवाज अरबी समुद्राचं दर्शन घेऊन वरच्या मजल्यावर पोचतो.

भेट दिलेल्या देशातच डेटा इंटरनेटवर सोडण्याची सोय तांत्रिक नियमांत आहे. ती फारशी वापरली जात नाही, कारण मूळ कंपनीला ग्राहक आपल्या नजरेखाली हवा असतो. त्याचा शिल्लक डेटा मोजायचा असतो, पॅक संपला की थांबवायचं असतं, आणि देशाच्या कायद्यानुसार नोंदीही ठेवायच्या असतात.

आणि इथेच बिलाचा मुद्दा येतो. ‘परदेशातल्या कंपनीकडून हिशेब उशिरा आला’ हे कारण आपण ऐकलेलं असतं. आवाजी कॉलपुरतं त्यात तथ्य आहे. कॉलची नोंद परदेशी कंपनी करते, फायली बनवून पाठवते. डेटाचं तसं नाही. प्रत्येक बाइट भारतातल्या गेटवेमधून जात असेल, तर मोजमाप तिथेच, त्याच क्षणी होतं. आकडा ठराविक मर्यादेपुढे गेल्यावर नळ बंद करणं हे तंत्रज्ञानाच्या हातचं आहे. करायचं की नाही हा धोरणाचा भाग. युरोपीय संघाने २०१० पासूनच ग्राहकाने वेगळं सांगितलं नसेल तर ५० युरोंवर (कर सोडून) डेटा रोमिंग थांबवण्याचा नियम केला. जून २०१७ पासून संघाच्या देशांत रोमिंगचा वेगळा आकारच रद्द झाला. एका कंपनीने दुसरीकडून घ्यायच्या घाऊक दरावर तेव्हा मर्यादा होती एका जीबीला ७.७० युरो, ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे ती २०२७ मध्ये १ युरोवर येते. दहा वर्षांत काच तीच राहिली आणि प्रकाशाचा वेगही तोच. माझ्या मते महागाईचं मूळ केबलपेक्षा करारांत जास्त आहे.

समुद्रावरची गोष्ट मात्र निराळी. किनारा मागे पडला, की क्रूझ जहाजावरचा छोटा टॉवर फोनला बोलावतो आणि उपग्रहामार्गे जोडून देतो. त्याच्या ओळखीचे पहिले आकडे असतात ९०१, म्हणजे कोणताच देश नाही. विमानातल्या नेटवर्कचंही तेच. देशांच्या नावाने घेतलेला पॅक अशा ठिकाणी बहुधा लागू होत नाही, म्हणून जहाजावर चढताच फोन विमान-मोडवर टाकणारे प्रवासी शहाणे.

हल्ली प्रवासासाठी ई-सिम घेण्याची चाल पडली आहे. क्यूआर कोड स्कॅन केला की नवी ओळख आणि नवी किल्ली फोनमधल्या चिपमध्ये उतरते. स्वस्त पडतं, पण बऱ्याच प्रवासी ई-सिमची मूळ कंपनी तिसऱ्याच देशातली असते. तुम्ही बँकॉकमध्ये, सिमचं माहेर सिंगापूर किंवा पोलंड. डेटा आधी माहेरी जाऊन येणार. वळसा नको असेल तर त्याच देशातल्या कंपनीचं सिम घ्यावं लागतं.

आणि ई-सिम घेतलं म्हणून भारतीय सिम काढून ठेवायचं नसतं. एसएमएसला डेटा लागत नाही. तो फोन आणि नेटवर्कमधल्या कामकाजी निरोपांच्या वाटेने येतो. त्याचा जीव १४० बाइट, म्हणजे इंग्रजीत १६० अक्षरं आणि मराठीत काना-मात्रा धरून जेमतेम ७०. भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू आणि डेटा रोमिंग बंद ठेवलं, तरी बँकेचा ओटीपी येतो. फक्त दोन सिमच्या फोनमध्ये ‘एका सिमचा डेटा नसेल तर दुसऱ्याचा वापरा’ अशी एक सोय असते, ती निघण्यापूर्वी बंद करावी.

माझ्या आईने पहिल्या परदेशवारीत सिम हरवू नये म्हणून काढून कुंकवाच्या डबीत ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी विजेचं बिल भरायची आठवण झाली. ओटीपी येईना, म्हणून डबी उघडली, सिम पुसून फोनमध्ये घातलं. दहा मिनिटांनी एकापाठोपाठ सहा ओटीपी आले. सहाही मुदत उलटलेले.